खाच जुळेपर्यंत

माझे बाबा चंद्रपूरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत ड्रेसर होते. सळईने छत ठोकायचं, खणखणीत वाजलं तर पुढे जायचं, बद्द वाजलं तर तो भाग आधी पाडायचा. एम.टेक.ला मी खडक कुठे आणि किती खोल फुटेल याचा अंदाज बांधण्याचा विषय घेतला, तो त्या आवाजामुळेच.

सरांची एक अट होती. आपलं संगणकातलं मॉडेल कुठेही वापरण्याआधी ते कॅनडातल्या एका बोगद्यावर पारखायचं. मॅनिटोबात ४२० मीटर खोलीवर, जवळजवळ एकही तडा नसलेल्या ग्रॅनाइटमध्ये, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधनासाठी ३.५ मीटर व्यासाचा गोल बोगदा खोदला होता. सुरुंग लावलाच नव्हता. कडेने भोकं पाडून खडक यंत्राने फोडला होता. तरीही छतातून आणि तळातून पातळ कपच्या सुटत गेल्या आणि इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पडली. दोष सुरुंगावर ढकलायची सोय नव्हती, म्हणून मला हा बोगदा फार आवडला.

आधी कागदावर गणित केलं. तिथल्या खडकातला सर्वांत मोठा स्ट्रेस, म्हणजे आतला दाब, साधारण ६० मेगापास्कल, जवळपास आडवा. सर्वांत लहान ११. गोल भोकाच्या छताशी येणारा दाब म्हणजे साठाच्या तिपटीतून अकरा वजा, १६९. प्रयोगशाळेत त्याच ग्रॅनाइटचा तुकडा २०० मेगापास्कलच्या वर टिकतो. म्हणजे हिशोबाने काहीच फुटायला नको! मॉडेलनेही तेच सांगितलं. मग मी ताकद निम्मी केली, तर खडक फुटला खरा, पण खाच नाही, उथळ आणि पसरट पट्टा. ती अणकुचीदार टोकाची खाच काही येईना. महिनाभर आकडे वरखाली करत बसले, आणि तो महिना वाया गेला असंच मी म्हणेन, कारण चूक आकड्यांत नव्हतीच.

चूक गृहीतात होती. खडक कधी फुटेल हे सांगणाऱ्या नेहमीच्या मोहर-कूलॉम्ब नियमात कोहीजन (कणांना एकत्र धरणारे बंध) आणि फ्रिक्शन (घर्षण) पहिल्या क्षणापासून एकत्र काम करतात. ठिसूळ खडकात तसं होत नाही. आधी कणाकणांमधले बंध सुटतात, बारीक चिरा भिंतीला समांतर उघडतात; घर्षण लागतं ते नंतर, तुटलेले भाग एकमेकांवर सरकू लागल्यावर. हाजिआब्दोलमजीद, कायझर आणि मार्टिन या संशोधकांनी २००२ साली हे नेमकं याच बोगद्यासाठी मांडलं होतं: कोहीजन ५० वरून १५ मेगापास्कलवर घसरतं, फ्रिक्शनचा कोन शून्यापासून ४८ अंशांपर्यंत चढतो. कोहीजनची घसरण ०.२ टक्के प्लास्टिक स्ट्रेनला (परत न फिरणाऱ्या विकृतीला) पुरी होते, फ्रिक्शन पूर्ण लागायला ०.५ टक्के लागतात.

हे आकडे घातले आणि पहिल्या रनला काहीच जुळलं नाही. माझी मेश, म्हणजे मॉडेलमध्ये खडकाचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडणारी जाळी, भरड होती. या पद्धतीत स्ट्रेन एका अरुंद पट्ट्यात गोळा होतो, त्यामुळे त्या टक्केवाऱ्या एलिमेंटच्या आकाराला बांधलेल्या असतात. हे कुणी तरी आधी ठळक सांगायला हवं होतं. छताशी मेश बारीक केली, खोदाई टप्प्याटप्प्याने दाखवली, आणि एका रात्री स्क्रीनवर खाच उतरली. साधारण अर्धा मीटर, प्रत्यक्षात पडली होती तेवढीच. टोकाशी खडक बाजूंनी आवळला जातो म्हणून ती तिथेच थांबते, हे तेव्हा मला डोळ्यांनी दिसलं.

त्या बोगद्यातली एक नोंद मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. तळावर फोडलेल्या खडकाचा चुरा पडून होता तोवर तळाची खाच अडून राहिली होती. तो काढल्यावर ती वाढली. एवढासा दाब पुरतो.

बाबांना फोनवर सांगितलं, अर्धा मीटर आलं म्हणून. त्यांनी विचारलं, "मंग बोल्ट किती लांब पायजे, पोरी?"

प्रबंधाचं पुढचं प्रकरण छत धरून ठेवणाऱ्या त्या बोल्टवरच लिहिते आहे.