उद्या पहाटे गाडी होती

बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझा छोटा दातांचा दवाखाना आहे. दसरा झाला की इकडची गावं रिकामी व्हायला लागतात, माणसं ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात जातात ती थेट मार्च-एप्रिललाच परत, त्यामुळे त्या दिवसांत येणारा पेशंट "काय करायचं ते आजच करा" म्हणतच येतो.

तशीच एक बाई संध्याकाळी नऊ वर्षांच्या पोराला घेऊन आली. खालची डावी दाढ किडून मोठ्ठा खड्डा पडलेला. "मॅडम, उपटूनच टाका, दुधाचीच हाय, परत येईल की. उद्या पहाटे मुकादमाची गाडी हाय."

हे ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. ती दुधाची नव्हतीच. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता गुपचूप जी दाढ उगवते ती कायमची असते, आणि दात पडला नाही म्हणून घरात कुणाला कळतही नाही.

एक्स-रे काढला. कीड नसेच्या अगदी जवळ, मुळांची टोकं अजून पूर्ण बंद झालेली नाहीत. पोराला विचारलं, रात्री दुखून जाग येते का रे? नाही म्हणाला. गार पाण्याने कळ येते आणि लगेच जाते. सूज नाही, दाढेवर ठोकलं तर दुखत नाही. म्हणजे नस जिवंत होती आणि वाचण्यासारखी होती. आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, कॉम्प्रेसर चालत नाही, म्हणजे दाढ कोरायचं मशीन, एअरोटर, बंद.

मग हाताच्या हत्यारांनीच करायचं ठरवलं. ही काही तडजोड नाही, 1980 च्या दशकात टांझानियात वीज नसलेल्या खेड्यांसाठी ही पद्धत वापरायला लागले आणि आज ती जगभर शिकवतात. आधी चमच्यासारखं एक्सकॅव्हेटर पोराच्या हातात दिलं, त्याच्याच अंगठ्याच्या नखावर हळूच फिरवून दाखवलं, "एवढंच वाटेल, दुखलं तर डावा हात वर कर, मी लगेच थांबते." त्याने दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा मी खरंच थांबले, त्यानंतर त्याने तोंड मिटलं नाही.

सिस्टरने मोबाईलचा टॉर्च धरला. खड्ड्याच्या कडा मी पूर्ण साफ केल्या, कारण सील कडेलाच बसतं, तिथे मऊ काही ठेवून चालत नाही. तळाशी गेल्यावर मात्र आधी ओल्या भुशासारखी कीड निघाली, मग चामड्यासारखा चिवट थर लागला, आणि तिथे मी हात थांबवला. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी असाच थर एका मुलीच्या दाढेत "कडक लागेपर्यंत" कोरत गेले होते, आणि तळाला टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका दिसला, नस उघडी पडली होती. पुढे ती दाढ काढावीच लागली. तो ठिपका अजून डोळ्यासमोरून जात नाही. म्हणून आता तो चिवट थर तसाच ठेवते; वरून घट्ट बंद केलं की खाली राहिलेल्या जंतूंना खायला मिळत नाही, आणि आतून दात स्वतःच नवीन थर धरतो.

मग कापसाचे रोल बदलले, सिमेंट नीट चिकटावं म्हणून कंडिशनर लावून पुसलं, घट्ट जीआयसी, म्हणजे दात भरायचं सिमेंट, कालवून खड्ड्यात भरलं आणि व्हॅसलीन लावलेल्या बोटाने दाबून धरलं. लाळ आत गेली की सगळं फुकट, त्यामुळे ती दोन-तीन मिनिटं मी पोराशी त्यांच्या बैलांबद्दल बोलत राहिले, तो फक्त मान हलवत होता. चावा कार्बन पेपरवर बघितला, उंच वाटत होतं ते खरवडलं, तासभर काही खायचं नाही म्हणून सांगितलं. रात्रीची कळ, सूज असं काही झालं तर कारखान्याच्या गावात लगेच दाखवा म्हणून चिठ्ठीवर लिहून दिलं, सोबत एक्स-रेची प्रिंट पण.

सहा महिने मनात धाकधूक होती. एप्रिलच्या शेवटी आले. सिमेंट वरून थोडं झिजलेलं, पण कडा शाबूत. बर्फ लावला तर पोरगं म्हणालं, "झिणझिण झाली, गेली." एक्स-रेमध्ये मुळांजवळ काळं काही नाही. जीआयसी तसंच ठेवून वर कंपोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या कडक फिलिंगचा, थर चढवला.

खुर्चीवरून तो उतरला तसं त्याच्या आईने धाकट्या पोरीला पुढे केलं. "मॅडम, हिला सातवं लागलंय. ती मागची दाढ आलीय का बघा."

आली होती, अर्धी हिरडीतून वर.