लोनली डेलच्या कबरी

आज दिवसभर लीज फेरीला होतो. उत्तर ॲरिझोनात कोलोरॅडो नदी मैलोन् मैल उभ्या कड्यांच्या तळाशी वाहते. पारिया नदी येऊन मिळते तिथेच काय ते कडे मागे सरतात आणि दोन्ही काठांवरून गाडी पाण्यापर्यंत नेता येते. म्हणून १८७३ मध्ये इथे तराफा सुरू झाला. युटातून दक्षिणेला वस्ती करायला निघालेली मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं इथूनच पार व्हायची.

जागा ओळखली जाते ती तराफा सुरू करणाऱ्या जॉन ली याच्या नावाने. १८५७ च्या माउंटन मेडोज हत्याकांडात सुमारे १२० वाटसरू मारले गेले, त्यात त्याचा हात होता. १८७४ मध्ये तो पकडला गेला आणि १८७७ मध्ये त्याला गोळ्या घालून देहदंड दिला. मागे तराफा सांभाळला त्याच्या बायकोने, एमाने. पदरात लेकरं आणि शेजार म्हणावा असा नाहीच. या जागेला लोनली डेल, म्हणजे एकाकी खोरं, तीच म्हणाली. १८७९ मध्ये मॉर्मन चर्चने तिच्याकडून तराफा विकत घेतला. माझ्या मते ही जागा तिची, आणि १८९६ पर्यंत तराफा चालवणाऱ्या वॉरन जॉन्सनची.

जॉन्सनच्या मुलांच्या कबरींपाशी पाय निघेना. १८९१ च्या मे महिन्यात एक कुटुंब नदी ओलांडायला आलं. वाटेत त्यांचं एक मूल घटसर्पाने गेलं होतं. जॉन्सनच्या घरात तो आजार शिरला आणि काही आठवड्यांत त्याची चार मुलं दगावली. त्यानंतरही पाच वर्षं हा माणूस आल्यागेल्याला पैलतीरी नेत राहिला. मला नसतं जमलं.

काठाशी पाणी उतरलं की एका आगबोटीचा गंजका बॉयलर दिसतो. चार्ल्स स्पेन्सरने १९१२ च्या सुमारास सोनं काढण्याच्या खटपटीत ती कोळसा वाहायला आणली, पण वाहिलेला बहुतेक कोळसा तिलाच जाळायला लागायचा.

जून १९२८ मध्ये तराफा उलटून तिघं बुडाली. काही मैल खाली नवाहो पुलाचं काम आटोपत आलं होतं, त्यामुळे तराफा पुन्हा सुरू केलाच नाही. १९२९ मध्ये पूल खुला झाला आणि वाहतूक तिकडे वळली.

आता इथून ग्रँड कॅन्यनच्या राफ्टिंगच्या सहली सुटतात. ती मंडळी गाडीतून उतरून थेट राफ्टवर चढतात. एमाची फळबाग आणि त्या कबरी जवळच आहेत. निघण्याआधी तासभर काढून त्यांनी तिकडे जावं, असं मला फार वाटतं.