पर्थचं गार ऊन आणि सोलापूरचा पाहुणा

सोलापूरची गड्ड्याची यात्रा उरकली की ऑस्ट्रेलियातल्या पर्थला यायचं, असा बेत आखणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. मागे जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, माझा आतेभाऊ आला होता. कॉटेस्लोच्या किनाऱ्यावर त्याच्यापुढे टोपी आणि सनस्क्रीन धरलं, तर म्हणाला, "काय बे, ४४ डिग्रीत होटगी रोडला उभा राहणारा माणूस मी. इथं २८ ला क्रीम लावू?" शर्ट काढला आणि गेला पाण्यात.

आपण सोलापूरकर उन्हाला नाही, उकाड्याला घाबरतो. कातडी भाजते ती मात्र अतिनील किरणांनी, आणि त्यांचा तापमानाशी थेट संबंध नाही. हे किरण यूव्ही निर्देशांकात मोजतात. ३ किंवा त्याच्या वर गेला की अंग झाकायचं, हा इथला नियम. ११ आणि त्याच्या वर म्हणजे अतितीव्र. जानेवारीत पर्थला भरदुपारी तो ११ ओलांडतो. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि इथली हवाही स्वच्छ. मे महिन्यात सोलापुरातही निर्देशांक तेवढाच चढतो. पण तिथं उकाडाच आपल्याला घरात कोंडतो. बाहेर पडलोच तर डोक्याला गमछा, बायका स्कार्फ आणि सनकोटात. इथं दुपारी समुद्रावरून गार वारा सुटतो, त्याला 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात. म्हणून अंगाला चटका जाणवत नाही, आणि माणूस उघड्या पाठीनं तासन्‌तास बसून राहतो.

संध्याकाळी घरी येईपर्यंत भाऊ मजेत होता. रात्री जेवताना खुर्चीला पाठ टेकवेना. हे असंच होतं. किरणांनी वरच्या थरातल्या पेशींचा डीएनए बिघडतो, मग शरीर तिकडे रक्त पाठवतं. लाली, सूज आणि आग काही तासांनी सुरू होते आणि साधारण १२ ते २४ तासांत कळस गाठते. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. हात ठेवला की पाठ तव्यासारखी तापलेली, एवढंच कळतं. सकाळी दोन्ही खांद्यांवर पाणी भरलेले फोड. म्हणजे भाजणं दुसऱ्या थरापर्यंत गेलं होतं.

आत्याचा व्हिडिओ कॉल आला. "अरे, साजूक तूप लाव त्याला. नाहीतर टूथपेस्ट, गार पडतं." आत्याला नाही म्हणणं सोपं नसतं, पण म्हणावं लागलं. तूप उष्णता आत कोंडून ठेवतं, टूथपेस्टनं आग वाढते, आणि बर्फ थेट लावला तर आधीच दुखावलेल्या कातडीला आणखी इजा होते. कोपऱ्यावरच्या फार्मासिस्टनं सांगितलं ते साधंच होतं: गार पाण्याची आंघोळ किंवा ओलं फडकं, १०-१५ मिनिटं, दिवसातून बऱ्याचदा. अंग घासायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि थोडं ओलं असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचं जेल. (आत्या इथं खूश झाली, कोरफड तिच्या गच्चीवर आहेच.) दुखण्यावर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, पोटात अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारूनच. पाणी भरपूर, कपडे सैल आणि सुती. फोड फोडायचे नाहीत, खालच्या कच्च्या कातडीला तेच झाकण असतं. आपोआप फुटला तर साध्या साबण-पाण्यानं धुऊन वर न चिकटणारी पट्टी. यातल्या कशानंही झालेलं नुकसान भरून निघत नाही, फक्त सुसह्य होतं. पेशी मरतात आणि पुढच्या काही दिवसांत पापुद्रे निघतात. ते ओढून काढू नका.

घरी बसू नये अशा खुणाही आहेत. ताप, थंडी वाजणं, उलट्या, चक्कर, बोलण्यात गोंधळ, चेहऱ्यावर किंवा अंगाच्या मोठ्या भागावर फोड, पू, डोळ्यांत टोचणं. यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर वाटच पाहू नका.

इथले लोक १९८१ पासून 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ऐकत मोठे झालेत: शर्ट चढव, क्रीम थाप, टोपी घाल. मेलानोमा या कातडीच्या कॅन्सरचं प्रमाण जगात सर्वाधिक असणाऱ्या देशांत ऑस्ट्रेलिया आहे, त्यामुळे शाळेतही टोपी नसेल तर पोराला मैदानावर सोडत नाहीत. आपले पाहुणे मात्र सनस्क्रीन देवाला गंध लावल्यासारखं लावतात. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला ३५ मिलि, म्हणजे सात छोटे चमचे लागतं, बाहेर पडायच्या २० मिनिटं आधी, आणि दर दोन तासांनी पुन्हा. ढग असले तरी.

येताना पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट आणि तो गमछा घेऊन या. आणि डॉक्सीसायक्लिनसारखं (हे एक अँटिबायोटिक) औषध चालू असेल तर निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. अशा काही गोळ्यांनी कातडी उन्हात फार लवकर भाजते.