खापरपणजोबांचे बटण

बेळगावच्या कॅम्पातील आमच्या आजोळी एका लाकडी डबीत एक बटण जपून ठेवलेले असे. त्यावर उभ्या तारांचे एक वाद्य आहे आणि वाद्याच्या डोक्यावर मुकुट. आजीचे वडील आयरिश होते, ब्रिटिश फौजेतून बेळगावात आले आणि इथल्याच मुलीशी लग्न करून इथलेच झाले, एवढे घरात सर्वांना ठाऊक होते. बटण मात्र त्यांच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या खापरपणजोबांचे, आणि ‘तेही मिलिटरीतच होते’ असे आजी सांगत असे. तिच्या शब्दावर विसंबून मी दोन वर्षे लष्कराच्या याद्या चाळल्या आणि हाती काहीच लागले नाही.

ते वाद्य म्हणजे हार्प. हार्प आणि मुकुट ही रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीची खूण आहे हे कळले, तेव्हा शोधाची दिशाच बदलली. हे पोलीस दल १८२२ च्या कायद्यातून उभे राहिले, १८३६ मध्ये एका अंमलाखाली आले, १८६७ मध्ये त्याला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली आणि १९२२ मध्ये ते बरखास्त झाले. त्यातले शिपाई हत्यारबंद असत व बराकीत राहत, त्यामुळे आजीचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. (आपल्या भागालाही हे दल तसे परके नाही. १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर चार्ल्स नेपियरने तिथले पोलीस याच धर्तीवर उभे केले आणि पुढे मुंबई इलाख्याने तोच कित्ता गिरवला; बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होते.)

३० जून १९२२ रोजी, यादवीच्या धामधुमीत, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील दप्तरखाना जळाला आणि कित्येक पिढ्यांची कागदपत्रे राख झाली. या दलाच्या सेवा-नोंदवह्या मात्र वाचल्या आणि आज लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. सेवाक्रमांक, वय, उंची, धर्म, मूळ काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा), भरतीपूर्वीचा धंदा, शिफारस कोणाची, बदल्या, बक्षिसे, शिक्षा असे सगळे त्यांत सापडते. आईवडिलांची नावे तेवढी नसतात. पत्नीचेही नाव नाही, फक्त लग्नाची तारीख आणि तिची काउंटी. शिपायाला स्वतःच्या काउंटीत नेमणूक मिळत नसे आणि लग्नानंतर पत्नीच्या काउंटीतही राहता येत नसे. मी मेयो काउंटीच्या माणसाला मेयोतच शोधत बसलो होतो. ते कॉर्कमध्ये नोकरीला होते, तिथल्याच मुलीशी लग्न केले म्हणून त्यांची बदली वॉटरफर्डला झाली होती. लग्नाच्या तारखेवरून विवाहाचा दाखला मिळाला, आणि दाखल्यावर दोघांच्याही वडिलांची नावे होती. आमची वंशावळ अशी एका बदलीमुळे आणखी एक पिढी मागे गेली.

शेवटचा कागद १९०१ च्या जनगणनेचा. आयर्लंडच्या एकोणिसाव्या शतकातील जनगणना जवळजवळ सर्व नष्ट झाल्या आहेत. १९०१ आणि १९११ च्या मात्र कोणालाही इंटरनेटवर मोफत पाहता येतात. बराकीतल्या पोलिसांची त्यांत पूर्ण नावे नसतात, नुसती आद्याक्षरे असतात. खापरपणजोबा तोवर निवृत्त होऊन स्वतःच्या घरी राहत होते, म्हणून त्यांचा फॉर्म सापडला. खाली कुटुंबप्रमुखाची सही आहे, किंचित उजवीकडे झुकलेली आणि सावकाश केलेली. तिच्यावर मी बराच वेळ बोट ठेवून होतो.

त्या फॉर्मात भाषेचा एक रकाना आहे. ज्याला आयरिश येते त्याच्यापुढे तसे लिहायचे, इतरांपुढे काहीच लिहायचे नाही. आमच्याकडे जनगणनेचे लोक येतात तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’च लिहिले आहे ना, हे वडील चष्मा लावून दोनदा वाचून पाहत, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच गेली. खापरपणजोबांच्या नावापुढे ‘आयरिश आणि इंग्रजी’ असे लिहिले आहे. त्यांच्या पत्नीचा रकाना कोरा आहे. खाली पाच मुले आहेत आणि त्यांतला तिसरा तो, जो पुढे बेळगावला आला. त्या पाचही मुलांचे रकाने कोरे आहेत.