बोंबलांचं कापड

टेक्स्टाइल डिझाइनच्या शेवटच्या सेमिस्टरचं काम कागदावर सोपं होतं. एक विषय घ्यायचा, त्यातून सहा छापील कापडांचा संच करायचा आणि त्यातल्या निदान तीन कापडांवर हातकाम करायचं. जानेवारीत सुरुवात, मेच्या पहिल्या आठवड्यात ज्युरी, म्हणजे परीक्षकांपुढे मांडणी. वर्गात कमळं होती, मुघल जाळ्या होत्या, दोघींकडे फुलपाखरं होती. मी बोंबील घेतले.

माझी आत्या अंधेरीला राहते. एका रविवारी तिच्यासोबत वेसाव्याला मासळी आणायला गेले, तेव्हा वलांड्या नीट पाहिल्या. ओळीने बांबू आणि दोऱ्या, त्यावर दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात दात अडकवून लटकवलेले. ना गाठ, ना चिमटा. वाऱ्यावर ती सगळी रांग एका लयीत हलते आणि मधून आभाळाचे उभे तुकडे दिसतात. रिपीट, म्हणजे छापात पुन्हापुन्हा येणारा नमुना, काय असतं हे कॉलेजात तीन वर्षं शिकले होते, पण ते असं वाळत घातलेलं पहिल्यांदाच पाहिलं. मी फोटो काढत होते, तर बाजूला मांदेली निवडत बसलेल्या मावशी म्हणाल्या, "काय गो पोरी, बोंबलाचा फोटू काढून काय करशील?" साडी करीन म्हटल्यावर त्या इतक्या हसल्या की शेजारणीला हाक मारून सांगितलं.

कॉलेजात मॅडमचा पहिला प्रश्न, "कापडाला वास येईल का गं?" वर्ग हसला. तरी स्केचेस पाहून त्यांनी विषय मंजूर केला. एकच अट घातली, की फोटोवरून गिरवायचं नाही, तिथे बसून काढायचं. मग पाच रविवार वेसावे. फोटोत बोंबील नुसता लोंबणारा चिकट पट्टा दिसतो. बसून काढला की त्याचं तोंड केवढं मोठं आहे ते कळतं, आणि सुकत जाताना अंग कसं पिळवटतं तेही. ओला, अर्धा सुका, कडक सुका असे तीन बोंबील मला मिळाले. मांदेली वेगळीच. तिच्या पोटाकडची सोनेरी झाक बघितल्याबरोबर जरीकाम कुठे करायचं ते ठरून गेलं.

चूक मी इथेच केली, पण ती कळायला मार्च उजाडला. डिझाइन 'रिकामं' वाटतंय म्हणून बोंबलांच्या मधल्या जागेत जाळं भरलं, जाळ्यात दोर भरला, उरलेल्या कोपऱ्यात मांदेली. सगळं गच्च. कंप्यूटरच्या स्क्रीनवर फार भारी दिसायचं.

सात रंग ठरवले होते, ते तीनवर आले. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी फिल्म, वेगळी चौकट आणि वेगळे पैसे लागतात. धारावीत ज्यांच्या टेबलावर मी छपाई केली ते काका मूळचे चिपळूणचे, पंचवीस वर्षं याच धंद्यात. त्यांनी माझी फाइल पाहिली आणि म्हणाले, "सात स्क्रीन केल्यास तर बापाला कर्ज काढावं लागेल. राखाडी गुलाबी आणि निळा एकमेकांवर चढव, तिसरा फुकट मिळतो." पारदर्शक पिगमेंट एकावर एक आलं की खालचा रंग त्यातून दिसतो, त्या हिशेबाने मी सेपरेशन, म्हणजे प्रत्येक रंगाचा भाग वेगळा काढणं, पुन्हा केलं. तिसरी स्क्रीन पांढऱ्या खादीची. खादी म्हणजे इथे कापड नव्हे, छपाईवाले त्या जाड, अपारदर्शक पांढऱ्या पेस्टलाच खादी म्हणतात. पहिल्या दिवशी मी त्यांना "खादी कुठल्या काउंटची?" असं, म्हणजे सूत किती बारीक ते, विचारलं होतं. ते अजून चिडवतात.

कापडाचीही गंमत झाली. मंगलदास मार्केटात चंदेरी म्हणून चार मीटर घेतली, भाव चांगला मिळाला म्हणून खूश होते. घरी येऊन सवयीने दोन्ही बाजूंचे दोरे काढून जाळले. उभा दोरा कागदासारखा जळून राख झाला, आडवा वितळून काळा टणक मणी झाला. पॉलिस्टर. ते कापड अस्तरात गेलं. दुसऱ्या खेपेला सुती मलमल घेतली, पण स्वस्त म्हणून कोरी घेतली. कोऱ्या कापडात खळ असते, ती काढल्याशिवाय रंग धरत नाही, हे पुस्तकात वाचलेलं होतं. तरी पहिला तुकडा न धुता छापला. नंतर धुतला तर चाळीस सेंटिमीटरचं रिपीट अडतीसवर आलं आणि बोंबील बुटके झाले. त्यानंतर सगळं कापड सोड्याच्या गरम पाण्यात उकळून, वाळवून, इस्त्री करून मगच टेबलावर चिकटवलं. आईच्या जुन्या पातेल्याचा बळी गेला.

छपाईचे तीन दिवस मात्र मजेत गेले. स्क्वीजी, म्हणजे रंग पसरवायची रबरी पट्टी, ओढताना दोन्ही हातांचा दाब सारखा पडायला हवा, नाहीतर एका कडेला रंग साचतो. टेबलाच्या कडेच्या पट्टीवर रिपीटच्या अंतराने स्टॉपर लावलेले असतात, चौकट त्यांना टेकवायची. एक घर छापायचं, एक सोडायचं, म्हणजे ओल्या रंगावर चौकट बसत नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत काकांची मुलं मला "ताई, आऊट गेलं" असं ओरडून सांगायची, म्हणजे निळा गुलाबीवरून सरकला. दोन मिलिमीटर आऊट तर बोंबलाला दोन तोंडं.

आता कुर्ला. एका माळ्यावर जरदोसी-आरीचा कारखाना, चार अड्डे. अड्डा म्हणजे गुडघाभर उंचीची लाकडी चौकट, तिच्यावर कापड ढोलासारखं ताणलेलं आणि भोवती जमिनीवर बसलेले कारागीर. उजव्या हातात आरी, म्हणजे टोकाला आकडा असलेली सुई, डावा हात कापडाखाली दोरा धरून. तिथल्या सगळ्यात जुन्या कारागिराला सगळे चाचाच म्हणतात, मीही म्हणू लागले. चाचांनी माझं छापलेलं कापड उलगडलं, दोन्ही हातांनी ताणलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बेटा, आपने तो सब भर दिया. हम कहाँ बैठें?"

मला राग आला. मग त्यांनी एक नमुना करून दाखवला. जाळ्याच्या छापील रेषांवर कटदाना, म्हणजे बारीक काचेचे मणी, लावला तर तो दिसेचना, छापाने गिळून टाकला. जिथे खादीचा थर जाड होता तिथे आरी टुक् टुक् वाजत आत जात होती, आणि टाका उसवला की भोक तसंच राहत होतं. सुती कापडात दोरे सरकून भोक बुजतं, रंग कापडाला चिकटवणाऱ्या बायंडरच्या पापुद्र्यात ते बुजत नाही. म्हणजे छापावर हातकाम करताना चुकायची मुभा नाही.

त्या रात्री कुर्ला ते डोंबिवली उभ्याने जाताना वही उघडली. वेसाव्याच्या पहिल्या रविवारच्या स्केचमध्ये बोंबलांच्या मधे काहीच नव्हतं. आभाळ होतं. मी ते बुजवलं होतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जाळ्याची स्क्रीन रद्द केली. मांदेली छापातून काढली आणि तिच्या जागा कोऱ्या ठेवल्या, कारण ती जरीतच येणार होती. स्क्रीनचे पैसे बुडाले ते बुडालेच.

खाक्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. खाका म्हणजे ट्रेसिंग पेपरवर डिझाइन काढून त्या रेषांवर सुईने बारीक भोकं पाडायची, तो कापडावर ठेवायचा आणि घासलेटात कालवलेली पूड बोळ्याने वरून फिरवायची. हलक्या कापडावर नीळ, गडदवर पांढरी. मी खाका कंप्यूटरच्या फाइलवरून प्रिंट काढून केला. अगदी मापात. कापडावर ठेवला तर पहिली मांदेली जागेवर, चौथी थेट बोंबलाच्या डोळ्यात. छापताना, धुताना, तापवताना कापड थोडं थोडं बदललेलं असतं, फाइल बदललेली नसते. छापून झालेल्या कापडावरच ट्रेसिंग ठेवून खाका काढायचा, आणि तोही अड्ड्यावर चढवायच्या आधी. एवढंच आहे. माझे यात चार दिवस गेले.

यापेक्षा मोठा घोळ माझ्या घाईचा. पिगमेंट छापल्यावर ते तापवून पक्कं करावं लागतं, साधारण दीडशे अंशांवर चार-पाच मिनिटं, तेव्हा बायंडर धरतो. काकांनी दोनदा बजावलं होतं. एक स्टोल मी नुसता वाळवून तसाच कुर्ल्याला नेला. काम होत आलं तेव्हा कारागिरांच्या बोटांना निळा लागायला लागला. आता तापवायचं कसं? मी घरी उलट्या बाजूने कडक इस्त्री फिरवली. रंग बहुतेक पक्का झाला असावा, पण टिकल्या प्लास्टिकच्या. सुलटा केला तर सगळ्या मांदेल्या आकसून वाळक्या सालींसारख्या झालेल्या. आई म्हणाली, "आता खरंच सुकी मासळी दिसतेय." मला तेव्हा हसू आलं नाही. तो स्टोल मी ज्युरीत ठेवला, 'बिघाड' असं लेबल लावून. मॅडमना आवडलं नाही, पण काढायलाही लावलं नाही.

पुढचं पटकन सांगते. ईदसाठी निम्मे कारागीर गावाला गेले, हे माझ्या वेळापत्रकात नव्हतं. तीनपैकी तिसऱ्या कापडाचा शेवटचा हातभर भाग मी स्वतः साध्या सुईने, धावदोऱ्याने भरला. जवळून पाहिलं की कळतं.

ज्युरीला बाहेरून आलेल्या बाईंनी स्टोल हातात घेतला, उलटा केला, मागच्या गाठी पाहिल्या. कोऱ्या जागांतून बोट फिरवलं. मग विचारलं, "किंमत काय लावशील?" मी तयारीत होते. कापड साडेचारशे, छपाईचा वाटा सहाशे, जर-टिकल्या साडेतीनशे, हातकामाच्या तीन नफऱ्या आठशेने चोवीसशे. नफरी म्हणजे कारागिराची एक पाळी. एकूण तीन हजार आठशे.

"आणि तुझी मजुरी?"

ती मी धरलीच नव्हती. पाच रविवार, दोनदा केलेलं सेपरेशन, कुर्ल्याच्या खेपा. मी तिथेच कागदावर आकडे मांडायला लागले, तोवर त्या पुढच्या टेबलाकडे, फुलपाखरांकडे गेल्या होत्या.