रेडिओच्या जुन्या फोटोंची पाठ आणि मालवणचा पावसाळा

रेडिओच्या सुरुवातीच्या काळातले वर्तमानपत्री फोटो मी जमवतो. बहुतेक अमेरिकेतून येतात. तिथल्या अनेक वर्तमानपत्रांनी जुनी फोटो-दप्तरं स्कॅन केली आणि मूळ प्रिंट विकायला काढल्या. कस्टम लागलं तर पैसे पोस्टमन घेतो, त्यात विशेष काही नाही.

खरं काम खरेदीआधीचं. विक्रेत्याकडे मी आधी पाठीचा फोटो मागतो. टाळाटाळ केली की विषय संपला. एजन्सीचा शिक्का, तारीख, डकवलेली टाइप केलेली माहिती, सगळं पाठीवरच असतं. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने १ जानेवारी १९३५ला तारेवरून फोटो पाठवायची सेवा सुरू केली. तसे आलेले फोटो जरा पुसट असतात, नीट बघितलं तर बारीक रेघाही दिसतात. त्यामुळे १९२७चा म्हणून असला फोटो कुणी दाखवला, की तो नंतरचा असावा अशी शंका येते.

माझ्याकडच्या एका फोटोत गायिकेसमोर कार्बनचा माइक आहे, गोल कड्यात स्प्रिंगांवर टांगलेला. धक्का बसला की आतले कार्बनचे कण हलून खरखर व्हायची, म्हणून ही सोय. छपाईत उठून दिसावी म्हणून कुणीतरी तिच्या केसांच्या कडेने ब्रशने पांढरा रंग दिलाय. फोटो उजेडात तिरका धरला की तो थर स्पष्ट दिसतो. मला तो साफ फोटोपेक्षा जास्त आवडतो.

आता मालवणचा पावसाळा. फोटोवरचं जिलेटिन ओल धरतं, चिकट होतं आणि फ्रेमच्या काचेला बसलं की सुटत नाही. म्हणून फ्रेम नाही, प्लास्टिकचा अल्बम तर नाहीच. आम्लरहित कागदाची पाकिटं, हवाबंद डबा आणि सिलिका जेल, बस्स. आई म्हणते, "सुक्या बांगड्याचीय इतकी काळजी कोण घेणा नाय!"

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते २३ जुलै १९२७ला सुरू झालं. कंपनी १९३०मध्येच बुडाली. त्या केंद्राचा एकही फोटो अजून माझ्या हाती लागलेला नाही. आजोबा-पणजोबा मुंबईत छापखान्यात किंवा वर्तमानपत्रात असतील, तर गावच्या घरातली ट्रंक एकदा उघडून बघा. फोटो सापडलाच तर ओल्या फडक्याने पुसू नका, पाठीवरचा कागद सोलू नका आणि दोन्ही बाजू मोबाइलवर टिपून ठेवा.