ईस्ट हार्लेममधली पुन्हा पुन्हा रंगणारी भिंत

मॅनहॅटनमधला पार्क अव्हेन्यू म्हटलं की दारात गणवेशातले दरवान उभे असलेल्या श्रीमंत इमारती डोळ्यांपुढे येतात. ९७व्या रस्त्यापाशी मात्र सगळा नूर पालटतो. तोवर जमिनीखालून धावणारी मेट्रो-नॉर्थची रेल्वे तिथे उजेडात येते आणि उंच दगडी पुलावरून उत्तरेकडे निघते. पुलाच्या दोन्ही अंगांना ईस्ट हार्लेम पसरलंय. इथे पिढ्यान् पिढ्या राहणारे पोर्तोरिकन लोक त्याला 'एल बारिओ' म्हणतात. मला गाठायचं होतं १०६व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं एका शाळेचं पटांगण. तिथल्या ग्राफिटीने, म्हणजे रंगवलेल्या नावांनी आणि चित्रांनी, भरलेल्या भिंतींना सगळं जग 'ग्राफिटी हॉल ऑफ फेम' म्हणून ओळखतं.

मुद्दाम थोडी वाकडी वाट केली. सहा नंबरच्या सबवेने, म्हणजे भुयारी रेल्वेने, १०३व्या रस्त्याला उतरून लेक्सिंग्टन अव्हेन्यूने चालत निघाले. १०४च्या कोपऱ्यावर चार मजली भिंतभर 'द स्पिरिट ऑफ ईस्ट हार्लेम' हे भित्तिचित्र आहे. हँक प्रसिंग यांनी १९७३मध्ये ते सुरू केलं आणि १९७८मध्ये पूर्ण केलं. डॉमिनो खेळणारे पुरुष, वाद्यं वाजवणारे, खिडकीत बसलेली माणसं, सगळी याच वस्तीतली. प्रसिंग यांचे तेव्हाचे तरुण साहाय्यक मॅनी वेगा यांनी पुढे या चित्राची डागडुजी केली. दोन रस्ते पुढे वेगा यांनीच केलेलं कवयित्री हुलिया दे बुर्गोस यांचं मोझेक आहे. रंगीत तुकड्यांतून उमटलेला तो चेहरा बघत मी बराच वेळ उभी होते. ही दोन्ही कामं वस्तीने जिवापाड जपली आहेत.

तिथून पश्चिमेला वळलं, पुलाखालून पलीकडे गेलं की हॉल ऑफ फेम लागतो, आणि इथली रीत अगदी उलटी आहे. इथे चित्र जपत नाहीत, त्यावरून रंग फिरवतात.

त्यामागची गोष्ट सबवेच्या डब्यांपासून सुरू होते. १९७१मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'टाकी १८३' अशी सही शहरभर करत फिरणाऱ्या एका पोरावर बातमी छापली आणि मग नावं लिहिण्याचं वेड झपाट्याने पसरलं. नुसत्या सहीपासून, म्हणजे टॅगपासून, अख्खा डबा व्यापणाऱ्या चित्रांपर्यंत मजल गेली. ही मुलं स्वतःला चित्रकार नाही, 'रायटर' म्हणत. गाड्या उभ्या असतात त्या यार्डात रात्री चोरून घुसायचं, पोलीस आणि रुळांतली वीज या दोन्हींपासून जीव वाचवायचा आणि सकाळी आपलं नाव शहरातून धावताना बघायचं. रेल्वेवाल्यांनी डबे धुण्याचा सपाटा लावला. मे १९८९मध्ये शेवटचा रंगवलेला डबाही सेवेतून काढला गेला.

त्याच्या आधीच, १९८०मध्ये, याच भागातले कार्यकर्ते रे रॉड्रिग्ज, म्हणजे 'स्टिंग रे', यांनी या पटांगणाच्या भिंती रायटरांना मिळवून दिल्या. न पळता, न लपता, दिवसाउजेडी हात साफ करायला जागा. पण येरागबाळ्याला ही भिंत मिळत नाही. 'किंग' किंवा त्याच्याही वरचा, असाच इथला दंडक. किंग ही पदवी कोणी कागदावर देत नाही. वर्षानुवर्षांच्या कामावरून बाकीचे रायटर ती मानतात. व्हल्कन, स्कीम, ब्रॉंक्सचा टॅट्स क्रू हा गट अशा बड्या हातांनी इथे रंगवलंय.

नवा मोसम आला की आधीच्या पीसवर, म्हणजे चित्रावर, रोलरने सपाट रंग चढतो, वर नवी आउटलाइन, मग आत रंग भरणं, म्हणजे फिल, शेवटी कडांची चमक. एके ठिकाणी रंगाचा पोपडा सुटला होता. त्याच्या कडेला निळा, करडा, गुलाबी, पुन्हा करडा असे थर एकावर एक दिसत होते. खालच्या थरांत कोणाकोणाचे हात असतील, या विचाराने मी हरखून गेले.

मला कोल्हापूरची आठवण झाली. बाबूराव पेंटर यांच्या त्या गावात सिनेमाचे बोर्ड हाताने रंगवायचे, आणि सिनेमा बदलला की त्याच बोर्डावर नवं चित्र चढायचं. पण आपल्याकडे त्या पेंटर मंडळींची नावं रंगाखालीच गेली. फ्लेक्स आला आणि कुंचलेही गेले. हार्लेममध्ये चित्र पुसलं तरी चित्र काढणाऱ्याचं नाव राहतं, कारण मुळात चित्रच नावाचं असतं. कोपऱ्यांत बारीक अक्षरांत साथीदारांची यादी, दिवंगत मित्रांना वाहिलेल्या ओळी. पुढच्या वर्षी त्या भिंतीवर नसतील, पण तोवर त्यांचे फोटो जगभर पोचलेले असतील आणि नवी फळी शिडीवर चढलेली असेल. मला हा मान लेक्सिंग्टनवरच्या जतनाइतकाच मोठा वाटतो. कामाचा कस दर मोसमाला नव्याने लावायचा आणि पुढच्याला जागा करून द्यायची, याला मोठं मन लागतं.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: पटांगण शाळेचं आहे, त्यामुळे शाळा चालू असताना आत शिरू नका. रस्त्याकडचा भाग बाहेरून दिसतो. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी गेलात तर रंगकाम चालू असलेलं सापडू शकतं. तसं सापडलं तर फोटो काढण्याआधी रायटरला विचारा. आणि लेक्सिंग्टनवरची चित्रं आधी बघा, भिंत नंतर.